पालथं ताट

१

रविवारी दुपारी मी दाढी करायचो, इस्त्रीचा शर्ट घालायचो आणि लॅपटॉपसमोर जाऊन बसायचो. खाली लुंगीच असायची, कारण लुंगी त्यात दिसत नाही. समोरच्या दारातली मुबीना यायची आणि ते स्काइप सुरू करून द्यायची. तिचा नवरा मुनाफ कुवेतला असतो, त्यामुळे तिला त्यातलं सगळं येतं.

"काका, आज तर नवरदेव दिसताय," ती दर वेळी म्हणायची.

"पोरगी मोठ्या लोकांत बसते आता," मी म्हणायचो. "बापानं नीट दिसायला नको काय?"

माझी मुलगी सुनीता तेव्हा जर्मनीत होती, हॅम्बुर्गला. आधी ती जासईच्या कंटेनर यार्डात इंजिनीयर होती. तिथून कंपनीने तिला वर्षभरासाठी तिकडच्या बंदरात पाठवलं. कंटेनर उचलणाऱ्या उंच क्रेन असतात, त्या तपासायचं काम. नुसतं खाली उभं राहून नाही. शिडीने पार टोकापर्यंत चढावं लागतं, कमरेला पट्टा बांधून. तिच्या टोळीत बाकी सगळे गोरे पुरुष, आणि त्यांच्यात माझी मुलगी, करंज्याच्या खलाशाची.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्म होडीवर गेला, पण करंज्याचा किनारा सोडून लांबचं बंदर कधी पाहिलं नाही. सुनीताची आई लवकर गेली. मुलीला मी सुकट-भात खाऊ घालून वाढवलं. नोकरी लागल्यावर तिने नवीन पनवेलला घर घेतलं आणि मला करंज्याहून इकडे आणलं. ती गेल्यावर त्या घरात मी एकटाच उरलो. वाईट वाटायचं, पण वडाळे तलावावर सकाळी फिरायला गेलो की भेटेल त्याला मी हॅम्बुर्ग सांगायचो. काही लोक मला बघून वाट बदलायचे, इतकं सांगायचो.

पहिल्या दिवसांत तिचं तिकडे जड गेलं. रविवारी दुकानं बंद असतात हे तिला माहीत नव्हतं, पहिला रविवार तिने बिस्किटांवर काढला. कचरा चार वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. कपडे धुवायचं मशीन तळघरात, त्याला पाळी लावायची. चार वाजता अंधार. आणि एकदा तिने गॅसवर बोंबील भाजला, तर खालच्या मजल्यावरची बाई वर आली आणि विचारायला लागली, वायर जळतेय का.

ते सांगताना सुनीता हसत होती. मग हसता हसता रडायला लागली.

"आबा, मला इथलं काही जात नाही हो. ब्रेड आणि चीज. ब्रेड आणि चीज. ऑफिसमध्ये सगळे जेवतात आणि मी बघत बसते."

मी तिला म्हटलं, होईल सवय. होडीवर नवीन माणसाला पहिले दिवस ओकारी येते, मग तोच दोन माणसांचं जेवतो. पण लॅपटॉप बंद केल्यावर मला घास गिळवेना.

२

आमच्या घरात एक रीत आहे. माणूस समुद्रावर गेला की त्याचं ताट चुलीजवळ पालथं ठेवायचं. तो परत येईपर्यंत ते कुणी सरळ करायचं नाही आणि त्यात वाढायचं तर नाहीच. माझ्या आईने बापाचं ताट असं ठेवलं, माझ्या बायकोने माझं. का, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सुनीता विमानाने गेली, पण समुद्र ओलांडूनच गेली ना, म्हणून मी तिचं ताट ओट्याजवळ जमिनीवर पालथं ठेवलं होतं. दहावीला ती पहिली आली तेव्हा गावाने सत्कारात दिलेलं स्टीलचं ताट. त्यावर तिचं नाव कोरलेलं आहे.

ती रडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मांदेलीचं कालवण केलं. तिच्या आवडीचं. जेवायला बसलो तर समोर ते पालथं ताट. मला वाटलं, पोरगी तिकडे उपाशी आहे आणि आपण तिच्या ताटासमोर बसून मांदेली खातोय.

मी ताट सरळ केलं आणि त्यात भात वाढला. वर कालवण घातलं. म्हटलं, "जेव बाय."

वेडेपणा होता. पण त्या दिवशी मला घास गेला. संध्याकाळी ते अन्न मी खाली मांजरांना घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढलं. मग रोजच वाढायला लागलो.

३

पहिल्यांदा भात कमी झाला तेव्हा मला मांजराचा संशय आला. स्वयंपाकघराची खिडकी डक्टकडे उघडते, तिथून येत असेल. मी खिडकी लावून घेतली. तरी भात कमी झाला. मग वाटलं, आपणच कमी वाढलं असेल. किंवा आपणच खाल्लं असेल आणि विसरलो. एकट्या म्हाताऱ्या माणसाने स्वतःवर फार विश्वास ठेवू नये.

म्हणून एकदा मी वाढलं, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो. जागाच होतो. खाली भंगारवाल्याची हाक चालली होती, मुबीनाच्या घरात मिक्सर फिरत होता. भर दुपार. आत ताटाचा बारीक आवाज आला. स्टीलवर बोट फिरतं तसा.

दार उघडलं तर आत कुणी नव्हतं. भात अर्धा झाला होता. आणि कढीपत्त्याची पानं काढून ताटाच्या कडेला ठेवलेली होती.

सुनीता लहानपणापासून कढीपत्ता काढून कडेला ठेवते. मी कितीदा रागावलो असेन.

खरं सांगतो, मी घाबरलो नाही. मला भरून आलं. मी ताटाजवळ बसून राहिलो.

त्या रविवारी सुनीता खुशीत दिसली. म्हणाली, "आबा, मला जमायला लागलं. बस मिनिटावर येते, आता मीही मिनिटावर जाते. थोडं जर्मन बोलते. सायकल घेतली मी."

"आणि जेवण?"

"तीच गंमत आहे. आता भूकच लागत नाही. दुपारी पोट भरल्यासारखं वाटतं. आणि तोंडाला चव पण येते हो. परवा तर तुमच्या सुकटीची चव आली."

परवा मी सुकटच केली होती.

मी तिला काही बोललो नाही. पण मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. चौथी शिकलेला बाप, पनवेलमध्ये बसून हॅम्बुर्गला मुलीला जेवू घालतो. जगात कुणी केलं असेल हे? मी दुसऱ्या दिवशीपासून भात जास्त टाकायला लागलो.

४

मुबीनाने एकदा जिन्यात थांबवून विचारलं, "काका, सुनीताताई आली का?"

"नाय गं. का?"

"दुपारी तुमच्याकडे जेवणाचा आवाज येतो. तुम्ही तर बाहेर खुर्चीवर दिसता, दार उघडंच असतं." मग ती हसली. "की काकी बघितली कुणी? आम्हाला दावत द्या मग."

मीही हसलो. पण घरात आल्यावर लक्ष गेलं. त्या दिवशी बोंबलाचं कालवण वाढलं होतं. ताट रिकामं होतं, आणि काटे नव्हते. सुनीता काटे एका ओळीत लावून ठेवते. हल्ली कढीपत्ताही उरत नव्हता. ताट चाटून पुसल्यासारखं असायचं. मी तिथेच उभा राहून आठवू लागलो, कढीपत्ता शेवटचा कधी दिसला होता. आठवेना.

पुढच्या रविवारी मी सुनीताकडे नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. बाही कोपरापाशी लोंबत होती.

"बाय, वाळलीस."

"छे, कॅमेऱ्यात तसं दिसतं." मग म्हणाली, "परवा शिडीवर चक्कर आली. काही नाही झालं, पट्टा होता. पण सेफ्टीवाल्याने पाहिलं. पुढच्या महिन्यात मोठ्या क्रेनची तपासणी आहे, ती माझ्याकडे देणार आहेत. पूर्ण माझ्याकडे. तोपर्यंत नीट व्हायला हवं."

"जेवतेस ना?"

"भूकच नाही ना आबा. पोट भरलेलं असतं."

पोट भरलेलं वाटत होतं तिला. अन्न दुसरीकडे जात होतं.

त्याच आठवड्यात माझी मोठी बहीण वेणू करंज्याहून आली. अजून ती मासळी सुकवते. सुकटीची पिशवी ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली. मी नुकतंच वाढलं होतं.

"ताट कोणी सरळ केलं?"

"मी."

"आन वाढतोस?"

"पोरगी उपाशी होती, वेणू."

भातातून अजून वाफ येत होती.

"मग आता पालथं कर ना," ती म्हणाली. पण लगेच स्वतःच मान हलवली. "जेवत्याला ताटावरून कसं उठवशील रे?"

"कोणाला?"

"मला काय ठाऊक, कोणाला. मी आत बसनार नाय." तिने चहा घेतला नाही. जिन्यावरून उतरताना मागे वळून म्हणाली, "पोरीला रोज फोन कर."

५

रविवारी मी कालवण केलं नाही, नुसता वरणभात केला. वाढू नये असं ठरवलं होतं. पण दुपार झाली तसं स्वयंपाकघरात ताट हलायला लागलं. जागच्या जागी, जमिनीवर. ते ऐकवेना. मी वाढलं आणि बाहेर येऊन शर्ट घातला.

मुबीनाने स्काइप लावून दिलं आणि ती गेली. माझ्या पाठीमागे स्वयंपाकघराचं दार होतं, उघडंच राहिलं होतं.

सुनीता दिसली. डोळ्यांखाली काळं. मी तिला दूध पी, अंडं खा, असं सांगत होतो. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"आबा, आत्या आलीये का?"

"कोण?"

"मागे किचनमध्ये बसलंय ना कुणीतरी. जेवतंय."

लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन असतो. त्यात आपण स्वतः दिसतो. मी एरवी त्यात फक्त भांग नीट आहे का बघायचो. आता पाहिलं. माझा खांदा, त्यामागे दार, आणि दारातून आत जमिनीवर बसलेली एक पाठ. वाकलेली. केस खाली आलेले. सुनीतासारखं काहीच नव्हतं त्यात. सुनीता सावकाश जेवते, मी तिला तसंच शिकवलं आहे. हे दोन्ही हातांनी जेवत होतं. एक हात तोंडाकडे जाईपर्यंत दुसरा ताटात. फार दिवसांनी ताट मिळालेल्यासारखं.

"आबा?"

"हो," मी म्हणालो. "वेणू आलीय."

"आत्या," सुनीताने मोठ्याने हाक मारली आणि हात हलवला. "आत्या, इकडे बघ ना."

हात थांबले. दोन्ही. मग ती पाठ हळूहळू सरळ व्हायला लागली, आणि डोकं वळायला लागलं.

मी लॅपटॉप झाकला.

मागे वळायला मान तयार नव्हती. मग उठलो, कारण मुलगी तिकडे घाबरली असेल, तिला फोन करायला हवा होता, आणि फोन स्वयंपाकघरात होता. आत कुणी नव्हतं. ताट स्वच्छ होतं. मी फोन उचलला आणि म्हटलं, लाईट गेली होती बाय.

६

त्याच दिवशी मी ताट घासलं, पुसलं आणि पालथं घातलं. वर पाण्याने भरलेली कळशी ठेवली.

दोन दिवस ते कळशीखाली कुरकुरत राहिलं. नंतर सगळं शांत झालं. फार शांत. नळ ठिबकला तरी ऐकू यायचं.

सुनीताचा फोन आला. आवाजच वेगळा होता.

"आबा, आज काय भूक लागली माहितीये? कँटीनमध्ये दोनदा घेतलं. तो सेफ्टीवाला म्हणाला, इंडियात दुष्काळ आहे का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझ्या आबांना भेट, ते तुला एका पंगतीत आडवा करतील."

मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. रोज फोन करायचो. रोज ती काय काय खाल्लं ते सांगायची. बटाटे, सूप, तिकडचा मासा, बिनमसाल्याचा. चक्कर थांबली. मोठ्या क्रेनची तपासणी झाली. वरून काढलेला फोटो तिने मुबीनाच्या फोनवर पाठवला. डोक्याला पिवळी टोपी, मागे सगळी नदी आणि बोटी काडेपेटीएवढ्या. मी तो पनवेलच्या फोटोवाल्याकडून मोठा करून घेतला आणि दिवाणखान्यात लावला, एक छोटी प्रत खिशात ठेवली.

रविवारी मी पुन्हा शर्ट घालून बसलो. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. सुनीताच्या गालावर रंग होता. ती बोलत होती, हसत होती, आणि मध्येच म्हणाली,

"इथे ना एक मजेशीर आवाज येतो हल्ली. सकाळी निघताना, किचनमधून. ताट जमिनीवर फिरवल्यासारखा. स्टीलचं ताट असतं ना आपलं, तसा. पण माझ्याकडे तर काचेच्या प्लेट आहेत."

मी वळून स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहिलं.

"खालच्या बाईचं काहीतरी असेल," ती म्हणाली. "आणि फ्रिज उघडा राहतो माझा. मीच विसरत असेन. घाई असते ना."

"बाय, घरात काय शिजवून ठेवू नको. बाहेर जेव."

"का हो?"

"असंच. बाहेरचं ताजं असतं."

ती हसली. तिच्या पाठीमागे तिचं स्वयंपाकघर दिसत होतं. पांढऱ्या टाइल्स, खिडकीत एक छोटी कुंडी. तिथे कुणी नव्हतं. मी डोळे फाडून बघत राहिलो, आणि तिला वाटलं, बाप आपल्याला डोळे भरून बघतोय.

माझ्या घरातली शांतता तेव्हा मला कळली. इथून मी त्याला उठवलं होतं, आणि ते पोरीकडे जेवायला गेलं होतं.

७

मी बाजारात जाऊन मांदेली आणली. कालवण केलं, तिखट, आंबट, जसं सुनीताला आवडतं तसं. भात टाकला. सुनीताच्या पालथ्या ताटाला हात लावला नाही. माझं स्वतःचं ताट घेतलं, ज्यात मी रोज जेवतो ते. जमिनीवर ठेवलं आणि भरून वाढलं.

मग स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि हाक मारली. धक्क्यावरून लांबच्या होडीला मारतात तशी, छातीतून. मुबीना दार उघडून बाहेर आली, म्हणाली, "काका, काय झालं?" मी म्हटलं, मांजराला बोलावतोय.

ताटाजवळ येऊन बसलो, पाठ करून. म्हटलं, "इथं ये. तिकडं काय नाय मिळायचं, ब्रेड आन चीज. माझ्या ताटात जेव. माझं हाय ते, मीच देतोय. पोरीच्या वाट्याला जाऊ नको."

बराच वेळ काही झालं नाही. समोरच्या भिंतीवर दुपारचं ऊन सरकत होतं. मग माझ्या पाठीमागे कुणीतरी बसल्यासारखी जमीन गार झाली, आणि ताटाला बोट लागलं.

मी उठलो नाही. जेवणाऱ्याला एकटं ठेवू नये.

सुनीताकडचा आवाज थांबला. दोन-तीनदा मी आडून विचारलं. ती म्हणाली, हो की, आता येत नाही, खालच्या बाईने काहीतरी दुरुस्त करून घेतलं असेल.

आता मला भूक लागत नाही. चूळ भरली तरी तोंडात कालवणाची चव असते, पोट भरलेलं असतं. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला, तो मुबीनाने मापाचा करून दिला. म्हणाली, "काका, रोजे आमचे असतात आणि वाळता तुम्ही?" वेणू येत नाही, फोन करते. काही विचारत नाही, फक्त माझा आवाज ऐकते आणि ठेवते.

वर्ष संपत आलं तेव्हा सुनीता स्काइपवर म्हणाली, "आबा, मला अजून दोन वर्षं थांबा म्हणतायत. टीम माझी असेल. पूर्ण टीम. पण मी अजून हो नाही म्हटलं. तुम्ही बारीक दिसताय. तुम्ही म्हणाल तर मी पुढच्या महिन्यात घरी येते. आपण दोघं बसून नीट जेवू."

मला किती वाटलं, काय सांगू. तिला समोर बसवावी, ताट सरळ करावं, कढीपत्ता काढते म्हणून रागवावं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात मी पाहिलं नाही. पण सुनीता बोलायला लागली तसं आतलं जेवण थांबलं होतं. ते ऐकत होतं.

"राहा तिथंच," मी म्हणालो. "आख्खी टीम म्हणतेस. आपल्यात कोणाला मिळाली? तू आलीस तर मी दार उघडणार नाय."

ती हसली आणि डोळे पुसले. "एवढा कसला हट्ट हो आबा?"

"बाप हाय मी," मी म्हटलं. "मिरवायला नको काय मला?"

तिने सही केली. तलावावर लोक विचारतात, मुलगी कधी येणार. मी सांगतो, एवढ्यात नाही, तिच्या हाताखाली माणसं आहेत आता, गोरी माणसं. पिवळ्या टोपीचा फोटो खिशातून काढून दाखवतो. त्यांना वाटतं म्हातारा फार मिरवतो. मिरवतोच. मग ऊन चढायला लागतं, आणि ते गप्पा मारत बसतात तरी मी उठतो. उशीर केलेला चालत नाही.